वस्तीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या

"ए म्हाताऱ्या, तिथंच थांब. पुढं आलास तर तंगडं मोडीन."

सरपंचाचा पुतण्या. खुर्चीत बसून बोलला. कॉलेज शिकलेला, मास्क हनुवटीखाली. त्या उन्हाळ्यात कोरोनाच्या भीतीनं गावोगावच्या पोरांनी रस्ते बंद केलते. आमच्या गावात बंद झाला तो आमच्या बौद्ध वस्तीचाच. तोंडावर बाभळीच्या काट्यांचा ढीग. सरपंचाच्या गल्लीतून निलंग्याला गाड्या चालूच होत्या.

माझ्यामागं ऑटोत गया, माझी बायको. दम लागून ओठ काळे पडलेले. सरकारी दवाखान्याच्या गाडीला फोन करून करून थकलो, तवा ऑटो केला.

"लेकरा, हिला लातूरला न्यायचंय. रस्ता दे."

"सरकारचा हुकूम हाय. आन् रोग तुमच्यातूनच यायलाय."

मी डोक्याचा पटका काढून त्याच्या पायावर ठेवला. नातवाच्या वयाच्या पोराच्या पायावर. त्यानं काठीच्या टोकानं तो उडवला. त्याच्यासंगची पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. एकजण म्हणला, "आजीला जरा खोकाय लावा की." सगळे हसले.

मग मी हातानंच काट्या ओढल्या. एकानंबी मदतीला हात लावला न्हाई. रस्ता झाला. लातूर यायच्या आत गया गेली.

यंदा इलेक्शन. तोच पुतण्या, आता विरोधी पार्टीचा उमेदवार, माझ्या दारात. हातात पोस्टर. वर गयाचा फोटो, खाली 'सरकारनं घेतलेला बळी'. फोटो त्याच शूटिंगमधून कापलेला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्याला त्यात काही वावगं वाटलं न्हाई.

"आजोबा, तहसीलवर मोर्चा हाय. तुम्ही नुसतं समोर बसा."

आता मी आजोबा.

"गाडी आली न्हाई, तो सरकारचा गुन्हा. काट्या कुणी टाकल्या?"

"तवा सगळीकडंच तसं होतं. वरूनच आदेश होते."

"आदेशात आमचीच वस्ती होती का?"

"जुनं कशाला उकरता? आम्हा पोरांचं काय चुकलं? चुकलं ते सरकारचं."

मी पोस्टर त्याच्या हातातून काढून घेतलं. येतो म्हणलो. खूश होऊन गेला.

जाणार. पण बसणार न्हाई. माईक घेणार. आधी सरकारचं नाव, मग त्याचं, बापाच्या नावासकट. मत मागायला तो ज्या दारात जाईल तिथं त्याच्या आधी मी असणार. पाया पडला तरी माफी न्हाई. मला दुसरं काम उरलेलं न्हाई. या तालुक्यात त्याला वर मान करून उभं राहता येईल असा एक उंबरा मी ठेवणार न्हाई.