खालच्या थरातल्या पट्ट्या

लढाईच्या काळात मी खामगावच्या एका जीन-प्रेसमध्ये गोदाम सांभाळत होतो. सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबायची, तिची गाठ बांधायची आणि रेल्वेने मुंबईला पाठवायची, हे कारखान्याचं काम. गाठीला लागणारं बारदान, सुतळी आणि लोखंडी पट्ट्या माझ्या ताब्यात असत. रुईचे डोंगर असले तरी पट्टी नसेल तर गाठ होत नाही, आणि त्या वर्षी नवी पट्टी कुठे मिळतच नव्हती. सगळं लोखंड लढाईकडे चाललं होतं.

आमच्याकडे आधीच्या हंगामातली शिल्लक बंडलं होती. मॅनेजरसाहेब विचारत, तेव्हा मी छातीठोकपणे सांगायचो, "फाल्गुनापर्यंत पुरतील, साहेब." थर मी मोजले होते, पण दारात उभं राहून, बोट दाखवत. पावसाळ्यात खालची बंडलं वर काढून, पुसून पुन्हा रचायची असतात. एकेक बंडल उचलायला दोन माणसं लागतात. त्या पावसाळ्यात बायको बाळंतपणासाठी साखरखेर्ड्याला माहेरी होती. मी दोनदा रजा काढून तिकडे गेलो आणि ते काम राहून गेलं. राहून गेलं म्हणतो, पण खरं म्हणजे मी ते टाळलं.

पौषातली गोष्ट. तीन आठवडे खेटे घातल्यावर स्टेशनवर मालगाडीच्या तीन वाघिणी मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या भरायच्या होत्या. सकाळच्या भोंग्यापासून प्रेस चालू होती. मी बंडलं पोचवून तिथेच उभा होतो. एका गाठीला पट्ट्या बांधून झाल्या, दाब सुटला, रुई फुगली आणि ताडकन आवाज झाला. एक पट्टी तुटून बांधणाऱ्याच्या कानाजवळून गेली. त्याच्या फेट्याची चिंधी उडवून ती पत्र्यावर आदळली. तो नुसता कान चाचपत उभा राहिला.

प्रेसचे मिस्त्री म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरून पाहिलं.

"कोणत्या थरातली हाये, बाबू?"

"दुसऱ्या. वरचा काल संपला."

"निघते एखादी अशी," ते म्हणाले आणि प्रेस पुन्हा सुरू झाली.

मी गोदामात गेलो. पहार घालून बंडलं सरकवली. तिसरा थर जमिनीला चिकटलेला. हात लावला तर तांबडा चुरा निघाला. एक पट्टी गुडघ्यावर वाकवली, ती कडकन मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

पलीकडे प्रेसचा आवाज चालूच होता. दुसऱ्या थरात अजून बऱ्या पट्ट्या असतील, मी स्वतःला सांगत होतो. वाघिणी भरून जाऊ देत, मग सांगू. नोकरी गेली तर तान्ह्या लेकराला घेऊन कुठे जाऊ? किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. पाच गाठी झाल्या एवढं आठवतं, कारण दर वेळी दाब सुटला की तो ताडकन आवाज येतो का, हे मी ऐकत होतो. सहाव्या वेळी मला राहवलं नाही. मी धावत गेलो आणि मिस्त्रींच्या समोर दोन्ही हात वर करून उभा राहिलो.

"मिस्त्रीबाबा, थांबवा!"

प्रेस थांबली. आवाज बंद झाला तसे मॅनेजरसाहेब ऑफिसातून आले.

"कोणी थांबवली?"

"मी, साहेब. खालच्या पट्ट्या गंजल्यात. पावसाळ्यात मी थर हलवलेच नाहीत. न पाहताच सांगत होतो तुम्हाला."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "उद्या वाघिणी जाणार आणि हे तू मला आज सांगतोस?" मग मिस्त्रींकडे वळले. "धकतील तेवढ्या चालवा."

"साहेब, दाब सुटला का पट्टी मानसाच्या तोंडासमोर असते," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "तिथं मी कोनाले उभं करू? तुमी म्हनसान तं मी सोता उभा राह्यतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "मग करायचं काय?"

"निवडा लागन. चांगले तुकडे कापून रिबिट मारून जोडू. बायांले बोलवा."

बारदान शिवणाऱ्या बाया अंगणात रांगेने बसल्या. प्रत्येक पट्टी वाकवायची, घासायची, मोडली तर चांगला तुकडा बाजूला ठेवायचा. एकीच्या बोटातून रक्त आलं, ते तिने लुगड्याला पुसलं.

"पावसाळ्यात एक रोज आमाले बलावलं असतं, तं हे सारं पुसून देल्लं असतं, भाऊ," ती म्हणाली.

दुपारी जोडपट्ट्यांची पहिली गाठ बांधायची वेळ आली तेव्हा मी आपण होऊन प्रेससमोर जाऊन उभा राहिलो.

"सरक, बाबू," मिस्त्री म्हणाले. "तुले बकल लावता येत नाई, उगाच पट्टी सुटन."

फेटेवाला पुढे आला. त्याने बांधलं आणि तिथून हलला नाही. दाब सुटला. पट्ट्या करकरल्या. गाठ घट्ट राहिली.

दुसऱ्या दिवशी दोन वाघिणी भरल्या, तिसरी अर्धी गेली. उरलेली रुई कितीतरी दिवस छपरीत पडून होती. संध्याकाळी साहेबांनी माझ्याकडून किल्ल्या घेतल्या आणि वजनकाट्यावरच्या माणसाला दिल्या. नोकरी टिकली, हंगामभर मी बायांच्या रांगेत बसून पट्ट्या घासल्या.

त्या माणसाला गोदाम मीच दाखवलं. खाली लाकडाचे ओंडके का घालायचे, थरांमध्ये वाट किती ठेवायची, कुठल्या भिंतीला ओल येते, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"एवढं ठावकं होतं, तं केलं काऊन नाई?"

"आळस केला," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने बंडलाचं एक टोक धरलं आणि मी दुसरं धरायची वाट बघत उभा राहिला.