चाचांच्या वहीतला शेवटचा रकाना

चाचा चहालासुद्धा शेरा द्यायचे. पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "सुरुवात बरी. मधी दम गेला." शहागंजच्या बाजारात त्यांचं बटणांचं दुकान होतं, पण जीव सगळा कबड्डीच्या गुणलेखनात. जिल्ह्यात कुठंही सामने असोत, वही घेऊन चाचा टेबलाशी हजर. गुणांचे रकाने सगळेच आखतात. चाचांच्या वहीत शेवटी एक जादा रकाना असायचा, शेऱ्याचा.

त्या वह्यांवर माझा डोळा होता. शेंद्र्याच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून मी कबड्डीचा व्हिडिओ गेम करायला बसले होते. खेळणाऱ्यानं संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे आणि जिल्ह्यातल्या खऱ्या खेळाडूंच्या नोंदींवरून संगणकानं सामना रंगवायचा. वडिलांनी गावाहून, कन्नडहून बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत काय ते कर. नाय जमलं तर गुमान नोकरी धर." नोंदी एकट्या चाचांकडे, आणि चाचांनी हातावर टेकवली एकच वही. "बेटा, आधी ह्यातला एक गडी तुझ्या मशीनमधी जिता करून दाखव. मग अख्खी ट्रंक ने."

गडी कोणता निवडावा, तर आमचे वडीलच! भाऊराव, उजवा कोपरा. शेरा: समोर मामाच्या गावचा संघ असला की पकड ढिली.

मी सगळ्यात भारी गेम इंजिन उचललं. खेळाडूंच्या अंगावर घाम चमकत होता, माती उडत होती, मी स्वतःवर बेहद्द खूश. मामाच्या गावचा गडी चढाईला आला आणि भाऊरावांनी त्याला उताणा पाडला. चाचांनी शांतपणे चष्मा पुसला. "दिसतो लई झकास. पण हा भाऊराव नाय. ह्याला मामाच नाय."

मग मी स्प्रेडशीट घेतली. प्रत्येक शेऱ्याला एक रकाना: मामाचं गाव, भरपेट जेवण, पंच ओळखीचा, नवी चड्डी. रकाने उजवीकडं इतके पळाले की टोक गाठेस्तोवर लॅपटॉपनं मान टाकली. "रकाने भरपूर," चाचा म्हणाले, "गडी कुठंय?"

दिवाळी आठवड्यावर आली आणि मी दुकानातच रडायला लागले. चाचांनी वही माझ्यापुढे सरकवली. "वही नुसती मशीनमधी उतरवलीस व्हय? मी कसं लिहितो, ते तरी बघ."

खरंच, ते मी पाहिलंच नव्हतं! चाचा सगळ्यांना शेरा देत नसत. जिथं काही घडलं तिथंच दोन ओळी: कोण, कुणासमोर, काय झालं. मी साधा डेटाबेस घेतला, प्रत्येक शेऱ्याची वेगळी नोंद केली आणि ती त्या त्या खेळाडूला जोडून दिली. पडद्यावर घाम नाही, माती नाही, नुसते रंगीत ठिपके.

मामाच्या गावचा ठिपका आत आला. भाऊरावांच्या ठिपक्यानं त्याला धरलं आणि सोडून दिलं.

"सोडला! सोडला रे! हाच भाऊराव!" चाचा स्टुलावरून असे उडाले की बटणांचा डबा लवंडला. आमचा संघ सपाटून हरला आणि आम्ही दोघं रांगत बटणं वेचत वेड्यासारखे हसत होतो. मी तिथूनच वडिलांना फोन लावून सगळं सांगितलं.

"घाम आला व्हता, म्हणून हात सुटला," ते म्हणाले. मग हळूच, "माझी मामी बघायला बसली व्हती गं."

नोकरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ट्रंक त्याच दिवशी रिक्षानं माझ्या खोलीवर आली.

गेल्या वर्षी नजर अधू झाली म्हणून चाचा परभणीला मुलीकडं राहायला गेले. मला त्यांची फार आठवण येते, चहा पिताना तर हटकून. निघताना त्यांनी एक वही हातात दिली, ट्रंकेत न घालता मागं ठेवलेली. तिच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं आणि खाली गुण मांडले होते. इंजिन: बाद. रकाने: बाद. ठिपके: एक गुण. शेवटच्या रकान्यात शेरा होता: "पोरगी भाऊरावची. पण बापासारखी नाय. धरलं की सोडत नाय."