भायासमोरचा पदर

पाहा, उजेड पडतो तो गंगाखेडच्या एका दवाखान्यावर. डावीकडे औषधांचं कपाट, उजवीकडे लाकडी बाक, मधोमध खुर्चीत डॉक्टर भागवत. आणि दारातून प्रवेश होतो राणीसावरगावच्या बानूबाईंचा. मेंढरांमागं हिंडून रापलेल्या, काठी आधी अन् पाऊल मागून. त्यांच्या पाठीशी सून राजेश्री, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

भागवत त्यांच्याच गावचे, भावकीतले. म्हणजे राजेश्रीचे भाया, नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या जागी. भायाला तोंड दाखवायचं नाही, ही बानूबाईंच्या घरची रीत. त्यांचे स्वतःचे भाया त्यांचा चेहरा न बघताच वारले, आणि हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगत.

पावसाळ्यापासून सुनेचे सांधे धरले होते. डॉक्टरांनी पदराबाहेर आलेले हात तेवढे तपासून गोळ्या दिल्या होत्या. गुण नव्हता. आता तर तिला भाकरी थापवेना, अंगातली कणकण जाईना.

"काकू, जरा पदर सारू द्या तिला."

"हात दुखायलेत तिचे, तोंड न्हाई."

"बाजारात मेंढरू तोंड न बघता घेता का तुम्ही?"

"मेंढराला भाया नसतो, भागवता."

डॉक्टर हसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आज मला भाया नका धरू. पोरगी खंगायलीय, अन् मी आंधळ्यावाणी गोळ्या द्यायलोय."

बानूबाई सुनेच्या सुजलेल्या बोटांकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि आपल्याच हातानं पदर मागं सारला.

दोन्ही गालांवर लाल चट्टा, नाकाच्या दांड्यावर जुळलेला, जणू फुलपाखरू पंख पसरून बसलंय. नाकाच्या कडेच्या घड्या तेवढ्या कोऱ्या.

"उनाचं हाय ते," बानूबाई पुटपुटल्या. "कापूस येचायला जायली न्हवं."

"ऊन निमित्त झालं, काकू. ल्युपस म्हणतात याला. शरीर स्वतःवरच उलटतं. आधी सांधे, कातडी; येळेवर धरलं न्हाई तर किडनी." त्यांनी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या, नांदेडच्या संधिवाताच्या डॉक्टरांना लगोलग फोन लावला. "औषधानं आवरतं. पण उन्हात चेहरा झाकूनच राहायचं."

"म्हंजे आमचीच रीत," बानूबाईंनी टोला दिला.

दिवस मावळता दोघी गावात उतरल्या. पारावर भावकीतली थोरली मंडळी बसलेली. राजेश्रीचा हात सवयीनं पदराकडं गेला. बानूबाईंनी तो धरला आणि खाली आणला.

"उनात वढ म्हणलाय त्यो," त्या म्हणाल्या. "हितं ऊन न्हाई."