नळ आला की मरणारी झाडं

नर्सरी चालवणाऱ्याला किस्से शोधत जावं लागत नाही. ते कुंडीसकट दुकानात चालत येतात!

बंगळुरूला उद्यानविद्या शिकून मी जालन्याला परतले, तेव्हा डोक्यात एकच होतं. आमच्या पाणीटंचाईच्या गावाला सक्युलंटच हवीत. जाड पानांत स्वतःचं पाणी साठवणारी, कुणाकडे काही न मागणारी झाडं. घरोघरी एक तरी हिरवं पान दिसलं पाहिजे! पाण्यावाचून सुकलेली झाडं वाचवावी लागतील, अशी तयारी ठेवूनच आले होते.

जुन्या जालन्यात नर्सरी टाकून दोन वर्षं झाली. तहानेनं मेलेलं एकही झाड माझ्याकडे आलं नाही. सगळी बुडून मेली.

* * *

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे साळवे मॅडम. मला सातवीत विज्ञान शिकवणाऱ्या साळवे सरांच्या पत्नी. त्यांनी जेड या सक्युलंटचं वीतभर रोप नेलं आणि वर्षभर उत्तम सांभाळलं. मग किडनीच्या आजारात त्या गेल्या.

दोन महिन्यांनी सर ती कुंडी घेऊन आले. खोड बुडाशी मऊ पडलं होतं.

"पोरी, एवढं वाचव. तिच्या हातचं एवढंच जितं हाय घरात."

मी रोप उपसलं. काळी मुळं कापली, खोड निरोगी भागापर्यंत छाटलं, चार-पाच दिवस सावलीत वाळवलं आणि वाळू-विटांच्या चुऱ्यात लावून दिलं.

"सर, आठ दिवस पाणी अजिबात नाही. नंतर माती खालपर्यंत कोरडी झाली तरच."

"बराबर," सर म्हणाले.

* * *

अंकुशनगरच्या एका काकूंनी फोटो पाठवला. सोबत फोनही केला. "ताई, पानं कशी काचेवानी चमकून राह्यली बघा! लई खूश दिसतंय."

"काकू, ते खूश नाही. आतून कुजतंय."

काकू काळजीनं म्हणाल्या, "मंग अजून थोडं पाणी देऊ का?"

* * *

कापडाच्या एका दुकानात काउंटरवरच्या कुंडीला शेठ, मुनीम आणि झाडणाऱ्या बाई, तिघंही पाणी घालत. प्रत्येकाला वाटे, बाकीच्यांनी घातलं नसेल. मी कुंडीत पाटी खोचली : 'पाणी घालू नये.'

पंधरा दिवसांत झाड गेलं. शेठ हताश होऊन म्हणाले, "पाटीनंच घोळ केला, ताई. आधी इसरायचो तरी. आता पाटी दिसली की पाण्याची याद येती!"

* * *

तीर्थपुरीच्या एका गुरुजींनी चिनी मातीची सुंदर कुंडी आणली. बुडाला भोकच नाही. मी ड्रिल काढलं, तसे ते घाबरले.

"अहो, भोक पाडलं तर पाणी वाया जाईल ना!"

भोकाशिवाय झाड लावायला मी नाही म्हटल्यावर ते कुंडी माझ्याकडेच ठेवून गेले. "ज्याला पाण्याची किंमत हाय, त्याला द्या," म्हणाले.

* * *

या सगळ्याचं मूळ मला मालनमावशीनं दाखवलं. मावशी माझ्याकडे कामाला आहे. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्या दिवशी ताजं पाणी भरायला ड्रम रिकामे करतात, आणि उरलेलं शिळं पाणी सगळं कुंड्यांत! तीन-चार दिवसांनी माझ्या दारात आजारी कुंड्यांची रांग.

"फेकून कसं द्यावं माय?" मावशी म्हणाली. "दारात आलेल्याला आधी पाणी, मंग नाव इचारायचं, असं शिकलो आम्ही. तुझी ही रबराची झाडं पाण्याला न्हाई म्हणत्यात. झाड म्हंजे कसं, अळवावानी पायजे! मोरीचं पाणी रातंदिस पितंय, तरी कधी कुजलं का?"

मी हसले. त्या संध्याकाळी मात्र बंगळुरूला परत जावं का, असा विचार मनात आला.

* * *

साळवे सर दुसऱ्यांदा आले. पुन्हा छाटलं, पुन्हा वाळवलं. ते तिसऱ्यांदा आले तेव्हा बोटभर शेंडाच काय तो निरोगी उरला होता. बाकी खोड बोटानं दाबलं की पाणी सुटत होतं.

माझा तोल गेला.

"सर, किती वेळा सांगू? द्यावंसं वाटलं म्हणून द्यायचं नसतं! मोजून द्या. तहानलेलं दिसलं तरी मन घट्ट करा. त्याच्या भल्यासाठीच आहे ना?"

सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसत राहिले.

"डॉक्टर बी हेच म्हणल्ते," ते हळूच म्हणाले. "तिला पाणी दिवसाला चार कप. वर एक घोट न्हाई. मी बराबर मोजून द्यायचो. शेवटच्या रात्री तिनं अर्धा कप जास्तीचा मागितल्ता."

"मंग?" मालनमावशीनं विचारलं.

"म्हणलं, सकाळी देतो."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेडचा शेंडा कागदावर, सावलीत वाळत ठेवला. गुरुजींची ती बिनभोकाची कुंडी खाली काढली. मावशीच्या मोरीजवळून अळवाचा एक कंद उपटून तिच्यात लावला, काठोकाठ पाणी भरलं आणि स्कूटीवर पायांशी धरून सरांच्या घराकडे निघाले.