एक जादा वॉश

अंधेरीच्या लॅबमध्ये मी चार वर्षं एकच रेणू बनवत होते. चमकणारा रंग आणि त्याला जोडलेली एक शेपटी. शेपटी असेपर्यंत रंग विझलेला. जिवंत पेशीतल्या एका ठरावीक एन्झाइमने ती कापली की पेशी हिरवी उजळणार. तेच एन्झाइम औषधाने बंद पाडलं, तर पेशी काळी राहायला हवी. औषध घातलेल्या पेशींच्या त्या काचेच्या बशीला आम्ही कंट्रोल म्हणतो. माझा कंट्रोल काळा राहिला, पेपर जर्नलकडे गेला, आणि आईने नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे वाटले. मुलीने नेमकं काय केलंय ते तिला सांगता येत नव्हतं, पण पेढा खाताना कोण विचारतो!

त्या मंगळवारी धुवायचं द्रावण संपत आलं होतं. रंग घातल्यावर बाकीच्या बशा मी एकदा धूत असे, कंट्रोलची मात्र दोनदा. तिच्यात औषध घातलेलं, म्हणून जरा जास्त स्वच्छ. हाताची सवयच ती, वहीतही कधी लिहिली नाही. त्या दिवशी सगळ्या एकदाच धुतल्या आणि मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. सगळ्या सारख्याच हिरव्या. एन्झाइम बंद, तरी हिरव्या. म्हणजे शेपटी भलतंच कोणीतरी कापत होतं, आणि कंट्रोलमधला उजेड इतके दिवस मीच धुऊन टाकत होते.

एसीच्या गारठ्यात स्वेटरची बटणं लावली आणि माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडमना बोलावून आणलं.

"अगं, नीट धुतलं नसशील," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "अजून एकदा धू ना, जाईल."

"जाईल, मॅडम. दर वेळी तसंच घालवलंय मी."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि "वाट लागली" एवढंच म्हणाल्या.

पेपर मागे घेत असल्याची मेल त्यांनी तिथेच लिहिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाठवू?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मीच बटण दाबलं. द्रावण पुरलं असतं, तर वर्षअखेरीस मी डॉक्टरेट घेऊन मोकळी झाले असते. चार वर्षांत पहिल्यांदाच मी कंट्रोल बरोबर केला होता, आणि तो केला याचंच मला वाईट वाटत होतं.