लुळा म्हणजे हात आहे

दादाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चहाच्या आधी कानस. मोठ्या करवतीचा एकेक दात घासून झाल्यावरच तोंड धुणं. लाकडाच्या वखारीत आम्ही दोघांनी एकाच करवतीच्या दोन मुठी धरून अर्धं आयुष्य काढलं. तो वयानं मोठा म्हणून दादा. नात्यानं कोणी नाही.

आडव्या करवतीचा नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा. पुढचं काम समोरच्याचं. नवखा माणूस मदत म्हणून ढकलतो आणि पातं वाकतं. अशाला दादा म्हणायचा, "उपकार नकोत. तुझं तू ओढ." त्याच्या ओढीवरून मला कळायचं, झोप नीट झाली का, घरात वाजलं का.

एका सकाळी तो वखारीत आला नाही. घरी गेलो तर खाटेवर पडलेला. तोंड वाकडं. उजवा हात पोटावर होता, पण तो त्यानं ठेवलेला नव्हता, कोणीतरी उचलून ठेवला होता.

डॉक्टर अर्धांगवायू म्हणाले. शेजारी म्हणाले, अंगावरून वारं गेलं. वहिनी कुठलंच नाव घेईना. "हाताचं तेवढं राहिलंय," एवढंच म्हणायची. हळूहळू बोलणं परतलं, पाय परतला. हात काही परतला नाही. शेवटी दादानंच शब्द काढला.

"लुळा म्हणा की. मी काय लाजतोय?"

"असं अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाली.

"त्यात अभद्र काय? थोटा म्हणजे हातच नाही. पांगळा म्हणजे पाय गेले. लुळा म्हणजे हात आहे, फक्त ऐकत नाही. तुझा भाऊ कुठं ऐकतो? टाकलास का त्याला?"

वहिनी हसत आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याला एकच हवं होतं, मुठीवर पुन्हा हात. मालक फाटकावर बसायचं काम देत होता. ते त्यानं नाकारलं. रोज वखारीत येऊन ओंडक्यावर बसायचा आणि माझ्या नव्या जोडीदाराकडे बघायचा. "ढकलतोय," म्हणायचा. तेवढंच.

घरामागची जागा घेऊन स्वतःची छोटी वखार टाकायची, म्हणून त्यानं मजुरीतून पैसे साठवले होते. त्यातून आता व्यायाम करून घेणारी बाई घरी येऊ लागली.

एका सुट्टीच्या दिवशी वखारीत आम्ही दोघंच होतो. दादा म्हणाला, "बांध."

त्याचा हात मी फडक्यानं मुठीला बांधला. बोटं एकेक करून वळवावी लागली. समोर जाऊन मी ओढलं. हात पात्यामागे आला, भिजलेल्या पोत्यासारखा. मी सैल सोडलं. पातं परत गेलं. मी पुन्हा ओढलं, सोडलं. पुन्हा गेलं. खाली भुसा पडला. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

मला हो, हातानं ओढलंस, असं म्हणायचं होतं. पण त्याची ओढ मला माहीत होती. ही तशी नव्हती.

"खांद्यानं ओढलंस, दादा."

"कळलं होय तुला?"

"कंबरपण वळली."

"मग सोड."

मी गाठ सोडत असताना तो म्हणाला, "चारला अजून जाग येते. झोपेत मी दोन्ही हातांनी ओढत असतो. उठलो की आधी कानस शोधतो, मग आठवतं."

मी गाठ सोडली. फडकं घडी करून खिशात ठेवलं.

बाई पुढंही येत राहिली. दादानं व्यायामात कधी अंगचोरपणा केला नाही. ती दहा वेळा म्हणाली की हा बारा वेळा करायचा. पैसे संपले आणि ती यायची थांबली, तेव्हा अंगठा हलत होता. बाकी हात होता तसाच.

आता पाणी प्यायचं झालं की तो डाव्या हातानं उजवा उचलून टेबलावरच्या पेल्याला टेकवतो. अंगठा आवळतो. मग डाव्या हातानं तांब्या कलता करतो. वहिनी शेजारी उभी असते, पण हात लावत नाही.

परवा मी विचारलं, "अजून लुळाच म्हणायचं का?"

"लुळाच," तो म्हणाला. "अंगठा सोडून."

घरामागची जागा दुसऱ्यानं घेतली. दादाची साठवलेली सगळी मजुरी त्या अंगठ्याला लागली. पाणी ओतताना पेला हलत नाही.