कुऱ्हाडवाल्यापुढे पाणी

जरीपटक्याच्या बाजारात माझा मिक्सर दुरुस्त करणारा गृहस्थ इतकं हळू बोलतो, की ऐकायला पंखा बंद करावा लागतो. मोबाइलवरच्या खेळात मात्र तो कुऱ्हाड घेऊन रागाने पेटणारा योद्धा असतो. स्क्रू पिळता पिळता त्या योद्ध्याच्या कुळाची कथा तो घरच्या माणसाची सांगावी तशी सांगतो.

"राग त्याची ताकद नाही सर, बिमारी आहे. लढाई संपली तरी तो आपल्याच माणसाइले ओळखत नाही. मंग कुळातले लोक त्याची कुऱ्हाड हिसकत नाहीत. समोर पाणी ठेवतात अन् पाठ करून बसतात."

"पाठ काहून?"

"त्याले लाज वाटू नये म्हणून."

मी हसलो होतो.

परवा घरी पाहुणे असताना, चटणी वाटता वाटता तोच मिक्सर बंद पडला. मी तो तसाच उचलून नेला, त्याच्या टेबलावर आपटला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. तो पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवून, पाठ फिरवून दुसरं काम करत बसला.

बऱ्याच वेळाने मी पाणी प्यायलो. ग्लास ठेवल्याचा आवाज ऐकून तो वळला. मिक्सर उलटा करून त्याने तळाचं लाल बटण दाबलं आणि प्लग लावला, तसा मिक्सर सुरू झाला. लोड जास्त झाला की हे बटण दाबा, असं त्याने मला दोनदा सांगितलं होतं.

माझी मान वर होईना.

"सर," तो हळूच म्हणाला, "आता ओळखून राहिले का मले?"